पुण्यातलं घर आणि इंटरनेट : भूकंपाआधी काय तपासायचं, काय घट्ट करायचं

पुण्यात नव्याने राहायला आलात की पाणी कधी येतं, पार्किंग कुणाचं आणि वाहतूक कुठे तुंबते हे सगळे आपणहून सांगतात. भूकंपाचा विषय कुणी काढत नाही. त्याला कारणही आहे, इथे भिंती रोज हलत नाहीत. पण आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे विभाग ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. कोयनेचा परिसर इथून सरळ रेषेत साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि तो विभाग ४ मध्ये येतो.

कोयनेचा मोठा धक्का ११ डिसेंबर १९६७ ला बसला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला. दोन्ही पहाटे चारच्या आगेमागे, माणसं गाढ झोपेत असताना. म्हणून कामाची सुरुवात झोपायच्या खोलीपासून करायची. दिवाणखान्यातला टीव्ही नंतर पाहता येईल. मात्र त्याआधी आपण कशा इमारतीत राहतो ते ओळखायला हवं, कारण भिंतीत काय ठोकायचं तेही त्यावरच ठरतं.

पायरी १ : इमारत ओळखा

पुण्यात ढोबळमानाने चार प्रकार भेटतात.

पेठांमधले वाडे. लाकडी खांब आणि तुळया यांचा सांगाडा मुळात लवचीक असतो, तो वाकतो पण लगेच मोडत नाही. बिघडतं ते ओलीमुळे. खांबाचा बुंधा आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक इथे पेचकस दाबून बघा. तो सहज सेंटिमीटरभर आत गेला तर लाकूड कुजलंय. दुसरं दुखणं मागाहून केलेल्या भरींचं : वरच्या मजल्यावर बांधलेलं संडास-बाथरूम, माळ्यावर ठेवलेली पाण्याची टाकी. हलक्या सांगाड्याच्या डोक्यावर असं ओझं नको.

जुन्या दोन-तीन मजली लोड-बेअरिंग इमारती, म्हणजे ज्यांत भिंतीच वजन पेलतात. इथे बघायची गोष्ट म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना गुंडाळणारा सलग काँक्रीटचा पट्टा. आयएस ४३२६ तो मागतं. पट्टा असेल तर चारही भिंती एकमेकींना धरून हलतात, नसेल तर कोपऱ्यांत उभ्या भेगा पडून भिंती सुट्ट्या होतात. जुना नकाशा सोसायटीकडे असेल तर त्यात पट्टा दाखवलेला असतो. आतली भिंत काढून 'हॉल मोठा' केलेला फ्लॅट अशा इमारतीत दिसला, तर भाडं कितीही कमी असो, पुढे चला.

मुळशी, भोर, वेल्ह्याकडे गावचं दगडी घर असेल तर तेही याच हिशेबात धरा. किल्लारीत माणसं गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड छत कोसळून. अशा भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात. त्यांना जोडणारे आरपार दगड नसले की हादऱ्यात भिंत मधोमध फाटते. नवी भिंत रचताना उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत दर १.२ मीटरला एक आरपार दगड, एवढं गवंड्याकडून करून घ्या. दगड लांब मिळत नसेल तर त्या जागी सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो.

आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याची, खाली मोकळं पार्किंग असलेली इमारत. शहरात हीच सर्वांत जास्त. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती भरलेल्या असल्याने ते ताठ राहतात आणि सगळं वाकणं पार्किंगच्या कॉलमवर येतं. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशाच इमारती पडल्या. पुढच्याच वर्षीच्या, २००२ च्या मानकाने या मोकळ्या मजल्याचे कॉलम आणि बीम अडीचपट बलासाठी डिझाइन करायला सांगितलं. तेव्हा नकाशा त्याआधीचा असेल तर जास्त चौकशी करा. पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन फिरा : कॉलमचं काँक्रीट सुटून गंजलेली सळई दिसते का, पाइप नेण्यासाठी कुणी कॉलम किंवा बीम फोडलाय का, कॉलमला चिकटून अर्ध्या उंचीची भिंत बांधलीय का. ही शेवटची गोष्ट निरुपद्रवी वाटते, पण त्यामुळे कॉलमचा मोकळा भाग आखूड होतो आणि नेमका तिथे तिरका चिरतो.

चौथा प्रकार मिवानचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओतलेले नवे टॉवर. भूकंपाच्या दृष्टीने हे ताठ आणि बरे. पण इथली जवळजवळ प्रत्येक भिंत वजन पेलते, म्हणून नेटची केबल लपवायला भिंतीत खाच मारायची नाही. केबल पट्टीतून बाहेरूनच न्या.

बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी फ्लॅट घेत असाल तर साइटवर एकच गोष्ट बघून या : कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना गुंडाळणारी आडवी कडी. आयएस १३९२० विभाग ३ लाही लागू आहे. रिंगेची टोकं १३५ अंशांत आत वळलेली हवीत आणि वळल्यापुढे किमान ६५ मिमी शेपूट हवं. काटकोनात वळवून सोडलेली टोकं हादऱ्यात उघडतात आणि आतलं काँक्रीट बाहेर सांडतं. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाजवळ रिंगांमधलं अंतर १०० मिमीपेक्षा जास्त नको. टेपने मोजायला दोन मिनिटं लागतात. सेल्स ऑफिसमधल्या माणसाला हा प्रश्न आवडत नाही, साइट इंजिनिअरला आवडतो.

सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्टही मागा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. मात्र नेहमीच्या ऑडिटमध्ये काँक्रीटची ताकद, गंज आणि गळती तपासतात. भूकंपात इमारत काय करेल याचं गणित त्यात बहुधा नसतं. ते हवं असेल तर आयएस १५९८८ प्रमाणे मूल्यमापन करून द्या, असं स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी सांगावं लागतं.

पायरी २ : झोपायची खोली

पलंगावर पडा आणि वर, डोक्यामागे, बाजूला बघा. डोक्यावर पडू शकेल असं जे काही दिसेल ते हलवायचं किंवा बांधायचं. पोटमाळ्यावरच्या बॅगा, एसीचा आतला भाग, उशीवरचं पुस्तकांचं फडताळ, काचेची फ्रेम. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे पलंग सरकवणं, त्याला पैसे पडत नाहीत.

आता गोदरेजचं कपाट. सुमारे १९८ सेंमी उंच आणि ४८ सेंमी खोल. ४८ ला १९८ ने भागलं तर ०.२४ येतं. म्हणजे आडवा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या साधारण २४ टक्के झाला की कपाट पुढच्या कडेवर डुलायला लागतं. विभाग ३ साठी मानक जमिनीपाशी १६ टक्के धरतं, पण इमारत जशी वर जाते तसा हादरा वाढतो. सहाव्या मजल्यावरचं कपाट तळमजल्यावरच्या कपाटाआधी पडेल, आणि माथ्यावर बॅगा रचल्या असतील तर आणखी लवकर.

ते बांधायचं असं : कपाटाच्या माथ्यावर दोन्ही टोकांना एकेक एल पट्टी, एक बाजू कपाटाला नटबोल्टने आणि दुसरी भिंतीला. भिंतीत काय घालायचं ते भिंतीवर अवलंबून आहे आणि नव्वद टक्के काम इथेच बिघडतं.

विटांच्या भिंतीवर प्लास्टर १२ ते २० मिमी जाड असतं. सुतार सवयीने ३५ मिमीचा स्क्रू मारतो. त्यातला निम्मा प्लास्टरमध्येच राहतो, विटेत जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर जातो. ६० ते ७५ मिमीचा स्क्रू आणि १० मिमीचा नायलॉन प्लग घ्या. भोक विटेत पाडा, दोन विटांमधल्या सांध्यात नको. ड्रिलमधून अचानक मऊ वाळू यायला लागली तर सांधा लागलाय, तीन-चार सेंटिमीटर सरका.

काँक्रीटच्या भिंतीत ८ मिमीचा अँकर फास्टनर पुरतो. भोक पाडून झाल्यावर त्यातली भुकटी फुंकून काढा. ती राहिली तर फास्टनर फुगतो पण धरत नाही. सळई लागली तर ती कापू नका, जागा बदला.

हलक्या ब्लॉकची भिंत, इथे जिला सर्रास सिपोरेक्स म्हणतात, ती सर्वांत फसवी. ब्लॉक इतका मऊ असतो की साधा प्लग फिरत राहतो किंवा आज धरतो आणि वर्षभराने सुटतो. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून साध्या फिरत्या ड्रिलने भोक पाडायचं आणि लांब फ्रेम प्लग किंवा रसायन भरून बसवायचा अँकर वापरायचा. फार जड वस्तू असेल तर बोल्ट आरपार नेऊन पलीकडून लोखंडी पट्टी लावायची. ठोकून बघून भिंत ओळखता येते : विटेचा आवाज भरीव, ब्लॉकचा बोदा. ड्रिलची भुकटी पाहिली तर शंकाच उरत नाही, वीट लाल येते आणि ब्लॉक पांढरट-करडा.

भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारा. नाही म्हणाले तर कपाट पलंगापासून त्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर न्या किंवा अशा जागी ठेवा की पडलं तरी दार अडणार नाही. चप्पल आणि टॉर्च पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधून ठेवा. फुटलेल्या काचांवरून अनवाणी चालण्यानेच बरेच जण जखमी होतात.

पायरी ३ : गॅस, गिझर, गच्ची

भरलेला १४.२ किलोचा सिलेंडर टाकीसकट तीसेक किलोचा होतो. ओट्याखाली त्याला साखळीने भिंतीच्या हुकाला अडकवा. केशरी सुरक्षा पाइप पाच वर्षांनी बदलायचा असतो, त्यावर साल छापलेलं असतं. पाइपचा गॅस असेल तर घरातला मुख्य कॉक कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, हाताने बंद करून दाखवा.

पंचवीस लिटरचा गिझर पाण्यासकट पस्तीस किलोच्या वर जातो आणि तो नेमका आपल्या डोक्यावर असतो. सिपोरेक्सवर दोन साध्या हुकांना टांगलेला गिझर दिसला तर हे काम कपाटाच्याही आधी करा. पाण्याची जोडणी वेणीच्या लवचीक नळीने हवी, ताठ पाइपने जोडलेला गिझर हलला की सांध्यातून पाणी सुटतं.

गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरल्यावर एक टन. ती विटांच्या दोन रांगांवर ठेवलेली खूपदा दिसते. त्या रांगा हादऱ्यात सगळ्यांआधी ढासळतात. तळ पूर्ण टेकेल असा सपाट ओटा, खाली बीम किंवा कॉलम, भोवती लोखंडी पट्टा आणि ओट्याला अँकर. सोलर वॉटर हीटरचे पायही स्लॅबला बोल्टने धरलेले हवेत, आणि त्या भोकांना वॉटरप्रूफिंग केलेलं हवं, नाहीतर पावसाळ्यात खालचा शेजारी वर येईल. कठड्यावरच्या कुंड्या खाली उतरवा. रस्त्यावरच्या माणसाचा जीव त्याने वाचतो.

पायरी ४ : नेट घरात येतं कुठून, ते शोधा

घर शाबूत आणि नेट बंद, ही विभाग ३ मधली सर्वांत शक्य परिस्थिती. त्यामुळे राउटरपासून उलटं चालत जा.

घरात येणारी तार पहिली बघा. बारीक, ताठ, टोकाला बहुधा हिरवा प्लग, तर ती फायबर. जाडसर आणि टोकाला चौकोनी पारदर्शक प्लग असेल, तर ती लॅन केबल. फायबर असेल तर इमारतीतल्या खोक्यात स्प्लिटर, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग असतो, त्याला वीज लागत नाही. लॅन केबल असेल तर जिन्यात किंवा गच्चीत कंपनीचा स्विच असतो आणि तो इमारतीच्या सामाईक विजेवर चालतो. अशा वेळी घरात कितीही मोठा बॅकअप घ्या, सामाईक वीज गेली की नेट गेलं. उपाय दोन : सोसायटीकडून त्या स्विचचा प्लग लिफ्टच्या जनरेटर लाइनवर घेणं, किंवा घरापर्यंत फायबर मागून घेणं. दुसरा बरा.

मग तार इमारतीत कुठून शिरते ते बघा. पथदिव्यांच्या खांबांवरून, झाडाच्या फांदीवरून आणि शेजारच्या गच्चीवरून ताणून आलेली तार पुण्यात नेहमीची आहे. ताणलेली फायबर इमारत काही सेंटिमीटर हलली तरी प्लगमधून निसटते किंवा आत तडकते. तंत्रज्ञाला भिंतीत शिरण्यापूर्वी एक-दोन मीटरचा वळसा सोडायला सांगा. वळसा हाताच्या तळव्याएवढा रुंद असू द्या. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वळवली तर प्रकाश गळतो, दुमडली तर काच तुटते.

तंत्रज्ञ घरी असतानाच आलेल्या प्रकाशाची पातळी मोजायला सांगा आणि आकडा राउटरच्या पाठीवर चिकटवा. वजा १५ ते वजा २४ डीबीएम असेल तर उत्तम. वजा २७ च्या आसपास असेल तर जोडणी आधीच काठावर आहे आणि एखादा हिसका तिला पुरे.

ओएनटी म्हणजे फायबरचा डबा, तो टीव्हीच्या माथ्यावर ठेवू नका. भिंतीला स्क्रूने धरा, नाहीतर निदान खालच्या कप्प्यात ठेवा. तो पडला की फायबरच्या प्लगवर लटकतो आणि प्लगची टोपी मोडते.

दुसरी जोडणी घ्यायची असेल तर नुसतं कंपनीचं नाव वेगळं असून भागत नाही. दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील तर दोन्ही एकदमच तुटतात. घरून काम करणाऱ्याला फायबर आणि वेगळ्या कंपनीचं मोबाइल सिम ही जोडी दोन फायबरपेक्षा उपयोगी पडते. परदेशातल्या सर्व्हरवर काम असेल तर एक गोष्ट आणखी : २६ डिसेंबर २००६ ला तैवानजवळच्या भूकंपाने समुद्राखालच्या अनेक केबल तुटल्या आणि आशियातली वाहतूक कित्येक दिवस रखडली. घरची तार ठीक असूनही असं होऊ शकतं. चालू कामाच्या फायली लॅपटॉपमध्येही ठेवा.

पायरी ५ : वीज

पूर्वीचा तांब्याच्या तारेवरचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा, घरची वीज गेली तरी डायल टोन यायचा. फायबरवरचा फोन तुमच्या ओएनटीच्या विजेवर चालतो, ती गेली की फोनही गेला.

राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. त्याआधी ओएनटीच्या ॲडॅप्टरवरचं लेबल वाचा, व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत आणि यूपीएसचे अँपिअर त्याहून कमी नकोत. खोक्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असतं, पण तो हिशेब आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ३२ वॅट-तास. व्होल्ट वाढवताना वाया जाणारे वजा केले की २६ उरतात. ओएनटी दहा वॅट खात असेल तर अडीच तास. विक्रेता आठ तास सांगतो ते या गणितात कुठेच बसत नाही. पॉवर बँकेचंही तसंच : दहा हजार एमएएचची बँक पाच हजार एमएएचचा फोन सव्वा-दीड वेळा भरते, दोनदा नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, आत गंधकाम्ल, आणि सगळा संसार चाकांच्या ट्रॉलीवर. चाकं अडवा आणि ट्रॉली पट्ट्याने भिंतीला बांधा. बॅटरी आडवी झाली की आम्ल फरशीवर पसरतं. तेव्हा हातमोज्यांशिवाय हात लावू नका, खायचा सोडा टाकून मगच पुसा.

रात्री राउटर बंद करण्याची सवय असेल तर ती सोडा. सप्टेंबर २०२३ पासून अँड्रॉइड फोनवर भारतात भूकंपाची सूचना मिळते : सेटिंग्ज, सुरक्षा आणि आणीबाणी, भूकंप सूचना. तिला वाय-फाय किंवा मोबाइल डेटा लागतो. कोयनेहून निघालेल्या मुख्य लाटांना पुण्यात यायला अर्धा मिनिट लागतं. हादरा ओळखण्यात आणि कळवण्यात जाणारा वेळ वजा केला तर हाती काही सेकंद उरतात. तेवढ्यात पलंगावरून उतरून टेबलाखाली जाता येतं. फोन विमान मोडवर असेल तर तेही नाही.

ऑफिसात सर्व्हरचं रॅक असेल तर थोडक्यात : यूपीएस आणि बॅटऱ्या सर्वांत खाली, चाकं वर उचलून पाय टेकवलेले, तळ फरशीखालच्या काँक्रीटला अँकरने धरलेला आणि माथा भिंतीला. फक्त उचललेल्या फरशीच्या टाइलला स्क्रू मारणं म्हणजे न बांधण्यासारखंच.

पायरी ६ : धक्का बसतो तेव्हा आणि नंतर

आरसीसी इमारतीत असाल तर पळू नका. खाली बसा, मजबूत टेबलाखाली जा, डोकं झाका आणि टेबलाचा पाय धरून ठेवा. जिना आणि लिफ्ट दोन्ही टाळा. मातीत रचलेल्या दगडी घरात दाराजवळ असाल तर मात्र बाहेर मोकळ्यावर जा.

थांबल्यावर क्रम असा : चप्पल, गॅस, वीज. वास येत असेल तर कुठलंही बटण, अगदी बंद करण्यासाठीसुद्धा, दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेरून १९०६ ला फोन करा. बाकी संकटासाठी ११२. पार्किंगच्या कॉलमला तिरक्या किंवा एकमेकींना छेदणाऱ्या भेगा दिसल्या तर गाडी काढायलाही आत जाऊ नका. भिंत आणि बीम यांच्या सांध्यातली केसासारखी रेघ बहुधा प्लास्टरची असते, पण खात्री इंजिनिअरकडून करून घ्या. मागून छोटे धक्के येतात हे धरूनच चला.

नेटचं निदान डब्यावरच्या दिव्यांवरून करा. एलओएसचा लाल दिवा म्हणजे फायबर तुटली, दुमडली किंवा निसटली. आधी घरातला प्लग आणि वळसा बघा. पीओएन दिवा स्थिर हिरवा पण इंटरनेटचा दिवा बंद, म्हणजे तार ठीक आहे आणि बिघाड कंपनीकडे. घरात खटपट करून उपयोग नाही. सगळेच दिवे बंद म्हणजे वीज किंवा ॲडॅप्टर. तुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावू नका, आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. काचेचे तुकडे बोटात जातात ते वेगळंच. रस्त्यावर लोंबणाऱ्या कुठल्याही तारेला हात नको : फायबरला धरणारी लोखंडी तार खांबावरच्या विजेच्या तारेला टेकलेली असू शकते.

मोबाइलवर पहिला तासभर सगळेच फोन लावत असतात, त्यामुळे कॉल लागत नाहीत. एसएमएस पाठवा, तो रांगेत थांबून जातो. पुण्याबाहेरचा एक नातेवाईक आधीच ठरवा, म्हणजे घरातला प्रत्येकजण त्यालाच 'ठीक आहे, अमुक ठिकाणी आहे' एवढं कळवेल. शहराच्या आत एकमेकांना शोधण्यापेक्षा हे लवकर होतं. टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांच्याच असतात, म्हणून फोनचा डेटा गरज नसताना बंद ठेवा आणि बातम्यांसाठी सेलवर चालणारा छोटा रेडिओ घ्या. पुण्यात आकाशवाणीची विविध भारती एफएम १०१ वर लागते.

पाणी दर माणशी दर दिवशी चार लिटर, तीन दिवसांचं. औषधं, आधार आणि घराच्या कागदांच्या छापील प्रती, थोडी रोख रक्कम एका पाठपिशवीत. ती मुख्य दाराजवळच्या खुंटीवर टांगा आणि खुंटीचा स्क्रूही ७५ मिमीचाच मारा.